जोडीतली फुटलेली ताटली

श्रीपतरावांना चहा दिला की ते आधी बशी उलटी करून बघत. कप टेबलावर गार होतोय आणि हे आपले बशीच्या बुडाला नाक लावून बसलेले. आगाशी गावात त्यांना यावरून 'उलटी बशी' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. तरुणपणी ते केळव्याला मुलगी बघायला गेले होते. पोहे आले, चहा आला, मागोमाग मुलगी आली, आणि श्रीपतरावांनी बशी पालथी केली. "जपानची आहे," ते म्हणाले, "छान आहे." मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही मुलगी बघायला आलात की बशी?" तिथलं फिसकटलं, मग दुसरीकडचंही जमलं नाही, आणि लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं.

नोकरी मुंबईतल्या एका संग्रहालयात, चिनी भांड्यांच्या दालनात झाली. निवृत्त झाल्यावर ते आगाशीच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. वसईच्या पट्ट्यात जुन्या घरांत एखादं तरी चिनी भांडं सापडतंच, आणि ते पोर्तुगीजांच्या वेळचं नाही असं म्हणणारं घर मात्र शोधून सापडत नाही. लोक हौसेने बोलवायचे. श्रीपतराव मिनिटभरात निकाल देऊन मोकळे. पापडीच्या मर्लिनबाईंकडे एक मोठी डिश होती, म्हणे कुठल्याशा गव्हर्नराने त्यांच्या खापरपणजोबांना दिलेली. श्रीपतरावांनी ती उचलली, उलटी केली आणि म्हणाले, "हॉटेलातली आहे. जपान. तुमच्या आजोबांच्या वेळची." तोवर मर्लिनबाईंकडून दर नाताळला त्यांच्याकडे ताट भरून गोडधोड यायचं. पुढच्या नाताळला आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

खरं सांगण्यात चूक नव्हती. पण एवढी घाई कसली होती, हे त्यांना घरी परतल्यावर कुलूप उघडताना सुचायचं. निकाल दिला की काम संपलं, आणि काम संपल्यावर त्यांना पुन्हा बोलवायचं कुणाला कारण नव्हतं. संध्याकाळी बाजारात जाऊन यायचं, आल्यावर एक भाजी करायची, तीच सकाळी संपवायची. कधी कधी अख्ख्या दिवसात त्यांचं बोलणं केळीवाल्याशी झालं तेवढंच. माणूस इतका शहाणा, पण आपल्याला एकटं वाटतंय हे ओळखायला त्याला भारी वेळ लागला.

मग सांडोर गावची शकूबाई भेटली. एका नातेवाइकाच्या घरी सत्यनारायण होता. श्रीपतरावांनी सवयीने प्रसादाची बशी वर धरून खालून पाहिली. पोरींनी फिदीफिदी हसून घेतलं. पण कोपऱ्यात बसलेली एक सत्तरी गाठलेली बाई हसली नाही. जेवणं झाल्यावर ती जवळ आली.

"भाऊ, आमच्या घरी एक ताटली हाय जुनी. कुठली हाय ती सांगाल?"

"सांगतो की," श्रीपतराव म्हणाले. "रविवारी येतो."

शकूबाईचं घर सांडोरच्या कडेला होतं. मागे केळीची वाडी आणि थोडा भाजीपाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दीपेश बायकोला घेऊन विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, सणासुदीला यायचा. शकूबाईने श्रीपतरावांना ओटीवर बसवलं, आत जाऊन कपाट उघडलं आणि तिथूनच हाक मारली. "मधल्या खणात हाय, लुगड्यात गुंडाळलेली. तुमीच काढा."

घरच्या बाईने स्वतः भांडं काढून द्यायचं सोडून पाहुण्याला कपाटात हात घालायला लावावं, हे त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. पण ताटली हातात आली आणि ते बाकी सगळं विसरले.

निळ्या रंगात नदी, नदीवर पूल, पलीकडे उतरत्या छपरांची घरं, काठाने जाळीची नक्षी. विलायतेत याच चित्राच्या छापील नकला निघाल्या, त्यांत रेघ इथून तिथून एकसारखी असते. इथे कुंचला टेकला होता तिथे निळा दाट होता आणि उचलला होता तिथे विरलेला. त्यांनी ती उलटी केली. बुडाची कड झिलईविना कोरी होती, आणि झिलई जिथे संपते तिथे भट्टीच्या आचेने उमटलेली बारीक तांबूस रेघ. संशयाला जागाच नव्हती. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीत घडलेली, हाताने रंगवलेली, कँटनच्या बंदरातून जहाजात चढलेली. पोर्तुगीज वसई सोडून गेले त्यानंतर पन्नासेक वर्षांनी केलेली, म्हणजे पोर्तुगीजांची नक्कीच नाही, पण अस्सल. उत्तर जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात शकूबाईने चहा आणून ठेवला, सोबत उकडलेली रताळी. ताटलीकडे न बघता ती म्हणाली, "सावकाश बघा, भाऊ. घाई नाय. आज कोन येनार नाय."

श्रीपतरावांनी तिच्याकडे पाहिलं, रताळ्यांच्या वाफेकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा उत्तर गिळलं.

"बघावं लागेल," ते म्हणाले. "असं एकदम सांगता येणार नाही."

पुढच्या रविवारी ते परत आले. त्या दिवशी म्हणे उजेड बरोबर नव्हता. त्यानंतरच्या रविवारी त्यांना एका पुस्तकात काहीतरी पडताळून बघायचं होतं. मग एका रविवारी त्यांनी फर्मान काढलं की भांड्याचं मूळ शोधायचं तर घराची हकीकत ठाऊक हवी, ताटली कुणाकडून आली, कशी वापरायचे, सगळं. ही शुद्ध थाप होती. ताटलीला शकूबाईच्या घराण्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण थाप मारायला उशिरा शिकलेला माणूस एकदा शिकला की मागे हटत नाही.

शकूबाई सांगायची. तिचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीवाल्यांचं. तिथे भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की पोराबाळांसकट सगळे बांध घालायला धावायचे. इथे सासरी वाडी, केळी, पाणी मुबलक. सासू रखमाबाई, मोठी कडक. ताटली तिचीच, तिच्या सासूकडून तिला आलेली. सासूचं नाव निघालं की शकूबाई विषय बदलायची आणि वालाच्या शेंगा सोलायला घ्यायची. श्रीपतरावही सोलायला लागायचे. त्यांनी तिला केळव्याची गोष्ट सांगितली, बशी उलटी केल्याची. शकूबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आनि पोरगी कशी होती?"

"ते बघायचं राहिलं," श्रीपतराव म्हणाले, आणि खूप वर्षांनी तेही हसले.

त्यांनी नवा शर्ट घेतला. शनिवारी दाढी करायला लागले. सोमवारपासून ते पुढच्या रविवारी काय सांगायचं ते साठवून ठेवू लागले. बाजारात कुणी काय बोललं, वाडीत कुणाच्या केळीला केवढा घड लागला, असलं काहीबाही. निघताना शकूबाई दर वेळी विचारायची, "मग? काय वाटतं?" आणि श्रीपतराव दर वेळी मान डोलवून म्हणायचे, "थोडं राहिलंय." बसमध्ये बसल्यावर त्यांना बरं वाटायचं. खोटं पचलं म्हणून नव्हे, पुढचा रविवार पक्का झाला म्हणून.

एकदा मात्र तिने जरा वेगळं विचारलं. "भाऊ, ती खोटी पन असू शकते ना? नकली?"

तिला घरातली वस्तू खोटी निघण्याची भीती वाटते आहे, असं श्रीपतरावांना वाटलं. मर्लिनबाईंचा चेहरा त्यांना आठवला. त्यांनी मुद्दाम मऊ आवाजात सांगितलं, "काळजी करू नका. मला नाही तसं वाटत."

शकूबाईचा चेहरा पडला. श्रीपतरावांनी तो पाहिला, पण भांड्याच्या बुडाशी वाचता येतं तेवढं त्यांना माणसाच्या तोंडावर वाचता येत नसे. शकूबाई हल्ली वाळली आहे, डोळ्यांखाली काळं आलंय, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाली, झोप येत नाही. "संध्याकाळचा चहा सोडा," असा सल्ला शहाण्याने दिला, आणि स्वतः दुसरा कप घेतला.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. श्रीपतराव ओटीवर टेकले, पण चहा आला नाही. शकूबाई आतून आली ती हातात एक फडक्याचं गाठोडं घेऊन. तिने ते त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि स्वतः जरा दूर, उंबऱ्याशी बसली.

"चहा मग करते. आज मला काय ते सांगूनच टाका. आधी हे बघा."

गाठोड्यात निळ्या ताटलीचे दोन मोठे तुकडे होते. तीच नदी, तोच पूल, मधोमध दुभंगलेला.

"जोडी होती," शकूबाई म्हणाली. "माझ्या लग्नाला वरीसपन नव्हतं झालं. गौरीचं जेवन होतं घरात. जेवनं झाल्यावर सासूनं ही ताटली माझ्या हातात दिली, धू म्हनाल्या. धुताधुता हातातल्या हातात दोन तुकडे झाले. पडली नाय, आपटली नाय. पन हातात कशी फुटंल चिनीमाती? कोनाला पटनार? आपटलीच असनार, मलापन असंच वाटाया लागलं."

तिने गाठोड्याकडे बोट केलं.

"पोर्तुगीजांची जोडी, सोन्याच्या मोलाची, असं सासूबाई म्हनायच्या. घरात पाव्हना आला की आधी पानी आनि मग हे गाठोडं. 'बघा, आमच्या सूनबाईंची करनी.' माझ्या भावाच्या लग्नाला चारचौघांत म्हनाल्या, हिला भांड्यांपासून लांब ठेवा. दीपेशचे बाबा ऐकायचे आनि गप बसायचे. त्या गेल्या तेव्हा वाटलं, सुटले. कुठली सुटते? गाठोडं कपाटात हायच. त्या दुसऱ्या ताटलीला मी अजून हात नाय लावत."

ती थांबली. मग सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "म्हनून बोलावलं तुमाला. नकली निघाली, बाजारातली निघाली, तर म्हनेन, चला, बाजारच्या ताटलीसाठी ऐकून घेतलं जन्मभर, ती बाईच येडी होती. आनि खरी निघाली तर माझं पाप खरं. कायपन होवो, पन कळू दे. तुमी सांगतच नाय. दर रविवारी वाटतं, आज सांगतील. शनिवारी डोळ्याला डोळा लागत नाय माझा."

ज्या शनिवारी श्रीपतराव दाढी करून, शर्टाला इस्त्री करून खुशीत झोपत होते, ते हे शनिवार. त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी खाली बघितलं, आणि हाताला सवय होती म्हणून एक तुकडा उचलला.

तुकडा त्यांनी फुटलेल्या कडेने उजेडात धरला. मग दुसरा धरला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरला.

"शकूबाई, जरा इकडे या."

"मी हात नाय लावनार."

"लावू नका, नुसतं बघा. हा कोपरा बघा, गाठोड्यात आपटून टवका उडालाय तो. आतून कसा आहे?"

"पांढरा. खोबऱ्यासारखा."

"चिनीमाती फुटली की आतून अशीच पांढरी दिसते. आता ही मधली मोठी कड बघा, जिथे दोन तुकडे झाले ती."

शकूबाई वाकली. कड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी होती, आणि खाचांत काहीतरी काळपट लाल, वाळलेलं चिकटलं होतं. श्रीपतरावांनी ते नखाने खरवडलं. काडेपेटी मागून घेतली, एक काडी ओढली आणि खरवडलेला कण तिच्यावर धरला. तो मऊ झाला आणि त्याचा वास ओटीवर पसरला.

"लाख," शकूबाई चटकन म्हणाली. "बांगड्यांची असते ती."

"लाखच. ही ताटली तुमच्या हाती यायच्या कितीतरी आधी फुटली होती. तोवर तिने तेल, हळद, काय काय पिऊन घेतलं, म्हणून कड तपकिरी. मग कुणीतरी लाख लावून ती बेमालूम जोडली. लाखेचा सांधा गार पाण्याला दाद देत नाही. गरम पाण्यात मात्र सुटतो." ते थांबले. "त्या दिवशी पाणी कसलं होतं?"

शकूबाई आणखी जवळ सरकली.

"कढत," ती म्हणाली. "बंबातलं. त्याच म्हनाल्या, गौरीचा तेलकटपना हाय, कढत पान्यानं धू. एरवी चिनीची भांडी त्या मला देतच नव्हत्या. स्वतः धुवायच्या, गार पान्यानं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "त्यांना ठाऊक होतं."

"ते ताटली नाही सांगू शकत," श्रीपतराव म्हणाले. "आधीच फुटली होती आणि कुणीतरी जोडली होती, एवढंच ती सांगते. तेवढं मात्र पक्कं."

"मी नाय फोडली."

"तुम्ही नाही फोडली."

शकूबाईने हात पुढे केला आणि एक तुकडा उचलला. तो तिने दोन्ही हातांत धरला, तपकिरी कडेवरून अंगठा फिरवला, आणि रडली. आवाज न करता, बराच वेळ. श्रीपतरावांना काय करावं कळेना. ते तिथेच बसून राहिले. त्यांना वाटलं, आयुष्यात आपल्या हातून एक तरी उत्तर असं गेलं की ज्याने कुणाचं भलं झालं. त्यांना फार बरं वाटलं.

डोळे पुसून शकूबाईने कपाटाकडे मान वळवली. "आनि ती आख्खी? तिचं काय?"

श्रीपतरावांना इथे सहज निभावून नेता आलं असतं. आत्ताच कळलं, या तुकड्यांवरून कळलं, असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण भांड्याविषयी त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. आजवर ते गप्प बसले होते, टाळत होते, तेवढंच.

"अस्सल आहे. चीनमधली, हाताने रंगवलेली. पोर्तुगीजांची मात्र नाही, ते गेल्यावरची आहे."

"हे तुमाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी म्हंजे?"

"चहा यायच्या आधी."

शकूबाईने तुकडा मांडीवर ठेवला. "मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर परत यायला कारण उरलं नसतं." श्रीपतरावांचे कान तापले होते. "घरी कुणी नसतं. इथे बरं वाटायचं. तुम्हाला त्रास होतोय हे मला ठाऊक नव्हतं, शप्पथ. मला वाटलं, एका ताटलीचं काय एवढं."

"चहाला येतो म्हनाला असता तर मी काय नको म्हनाले असते? मीपन एकटीच हाय की."

"मला तसं विचारता नाही येत. कधीच नाही आलं." साठी उलटून गेलेला माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखे त्यांनी हात मागे बांधले होते. "आता विचारतो. पुढच्या रविवारी चहाला येऊ का?"

शकूबाई रागावलेली दिसत नव्हती. ती खरोखर विचार करत होती, आणि त्यामुळे श्रीपतरावांना क्षणभर आशा वाटली.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "तुमी माझ्यावर मोठा उपकार केलात, मी तो विसरनार नाय. पन सासूबाईंना ठाऊक होतं आनि त्या गप बसल्या, त्यांना मी हाताखाली हवी होते म्हनून. तुमालापन ठाऊक होतं आनि तुमीपन गप बसलात. आता तुमी इथं समोर बसलात की मला त्या दिसतील."

श्रीपतरावांनी मान हलवली. या निकालात कुठे काही चुकीचं सापडतंय का ते त्यांनी शोधून पाहिलं. सापडलं नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि केळींच्या कडेकडेने रस्त्याला लागले.

वळणावर त्यांनी मागे पाहिलं. शकूबाई ओटीवरच होती. दोन्ही तुकडे मांडीवर होते आणि कानाला फोन होता. तिचा आवाज वाडीभर ऐकू येत होता.

"नाय रे दीपेश, नंतर नाय. आत्ता ऐक. ती ताटली मी नव्हती फोडली."